नाव आहे, पण माप नाही

रेडिओच्या लहरींवर चालणारी छोटी मोटारगाडी तुम्ही पाहिलीच असेल. मुलगा हातात एक लहानसे यंत्र धरून उभा असतो आणि पन्नास-साठ पावलांवर त्याची गाडी मैदानात धूळ उडवीत वळणे घेत असते. पाहणाऱ्याला वाटते, खेळणे आहे. पण या गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक जत्रेतल्या खेळण्याची. ती बिघडली की टाकून द्यायची. दुसरी छंदाची. तिचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाक, प्रत्येक दंतचक्र काढता येते, बदलता येते आणि पुन्हा बसविता येते. जपानमधल्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची एक-बारांश आकाराची प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपाने विकायला काढली. घरी बसून स्वतःच्या हातांनी जुळवायची अशी ही गाडी फार लोकप्रिय झाली. मग अमेरिकेत, युरोपात, तैवानात, चीनमध्ये अशा गाड्या करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज आपल्याकडची मुलेही त्या मागवितात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर यांच्याच मोटरी, सर्व्हो आणि बॅटऱ्या घेऊन आपले यंत्रमानव तयार करतात.

या दुसऱ्या जातीच्या गाडीचे सारे मोल एका वचनात आहे. ते वचन असे की, मोडले तर दुरुस्त करता येईल. आणि नेमके हेच वचन पुष्कळदा पाळले जात नाही. भाग बाजारात मिळत नाहीत म्हणून नव्हे. भाग ढिगांनी मिळतात. पण ते काय आहेत, हे कुणी धड सांगत नाही!

मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या विक्रेत्याची यादी उघडून पाहा. ‘एक-दशांश गाडीसाठी गिअर, धातूचा, उत्तम दर्जा, निळा रंग.’ झाले वर्णन! निळा रंग कळला, दर्जा उत्तम आहे हेही कळले. (आमचा दर्जा मध्यम आहे, असे लिहिणारा विक्रेता अजून जन्मायचा आहे.) पण दाते किती, दात्यांचे माप कोणते, मधल्या छिद्राचा व्यास किती, यांतले काहीच नाही. ‘एक-दशांश’ या शब्दाला तरी काय अर्थ? खऱ्या मोटारीच्या मानाने ही गाडी दहापट लहान आहे, एवढाच. कुणाच्या घराचा नकाशा एक इंचाला दहा फूट या प्रमाणात काढला आहे, एवढे कळल्याने त्या घराच्या दाराला कोणते कुलूप बसेल ते कळेल काय?

आता एकेक भाग हाती घेऊन पाहू.

प्रथम दंतचक्र. मोटरच्या दांड्यावर एक लहान चक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या चक्राला फिरविते. दोन्ही चक्रांचे दाते एकमेकांत नीट बसायचे तर त्यांचा आकार एकच हवा. हा आकार सांगण्याच्या दोन रीती जगात आहेत. मेट्रिक रीतीत ‘मॉड्यूल’ सांगतात. चक्राचा, दाते जिथे जुळतात त्या वर्तुळावरचा, मिलिमीटरमधला व्यास भागिले दात्यांची संख्या, म्हणजे मॉड्यूल. इंचांच्या रीतीत उलटे करतात. व्यासाच्या दर इंचामागे दाते किती ते सांगतात, त्याला ‘पिच’ म्हणतात. जपानी गाड्यांत ०·६ मॉड्यूल पुष्कळ आढळते, तर अमेरिकी वळणाच्या गाड्यांत ४८ पिच. २५·४ ला ४८ ने भागा, उत्तर येते ०·५३. म्हणजे एकाचे माप ०·५३ आणि दुसऱ्याचे ०·६०. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. चित्रात तर मुळीच नाही. दोन्ही चक्रे एकमेकांना लावली तर ती फिरतातदेखील. थोडा वेळ कर्कश आवाज करतात, आणि मग मोठ्या चक्राचे प्लॅस्टिकचे दाते साफ होतात. गंमत अशी की ३२ पिच म्हणजे ०·७९ मॉड्यूल, आणि ०·८ मॉड्यूलच्या चक्रांबरोबर ते बहुधा निभावून जाते. म्हणजे मेट्रिक आणि इंच कधीच जुळत नाहीत असेही म्हणता येत नाही. आकडा कळला तरच निर्णय करता येतो.

दुसरा भाग स्क्रू. आजच्या बहुतेक गाड्यांत तीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू असतो. त्याचे दोन आटे एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. अमेरिकी गाड्यांत पूर्वी ‘४-४०’ नावाचा स्क्रू फार चाले. त्याची जाडी २·८४ मिलिमीटर आणि एका इंचात चाळीस आटे, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर ०·६३ मिलिमीटर. दोघे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. एकाच्या जागी दुसरा घातला की दोन-तीन फेरे सुरळीत जातात, मग घट्ट लागते, आणि उत्साही माणूस ‘जरा जोर लावू या’ म्हणून आतले आटे खाऊन टाकतो. स्क्रूच्या डोक्यावरची फुलीसुद्धा एक नव्हे. जपानी प्रमाणाची फुली आणि फिलिप्स पद्धतीची फुली दिसायला सारख्या, पण फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर जपानी फुलीत खोलवर बसत नाही. तो निसटतो, आणि फुलीचा खड्डा होतो. दोष हाताचा नसतो. हत्याराचा आणि स्क्रूचा मेळ नसतो.

तिसरा भाग सर्व्हो. पुढची चाके डावी-उजवीकडे वळविणारी ही छोटी मोटर. तिच्या दांड्यावर बारीक खाचा असतात आणि त्यावर एक हात बसवायचा असतो. फुताबा कंपनीने या खाचा २५ ठेवल्या, हायटेकच्या पुष्कळशा सर्व्होंना त्या २४ असत, तर जे. आर. आणि सान्वा यांच्या सर्व्होंना पूर्वापार २३. दांड्यांची जाडी जवळजवळ सारखी, सहा मिलिमीटरांच्या आसपास. गणित करा. पंचवीस खाचांत प्रत्येकीला १४·४ अंश, चोविसांत १५ अंश. अर्ध्या अंशाचा फरक पहिल्या खाचेला जाणवत नाही, पण वर्तुळ पुरे होईपर्यंत एक अख्खी खाच चुकते. प्लॅस्टिकचा हात दाबून बसविला तर बसल्यासारखा वाटतो, आणि गाडी भरधाव असताना नेमका फिरतो. मग चाके एकीकडे आणि सर्व्हो दुसरीकडे. विक्रेत्याने ‘२५ खाचा’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर हे टळले असते.

चौथी गोष्ट जोडणीच्या प्लगांची, आणि इथे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. बाजारात ‘जे. एस. टी. प्लग’ म्हणून एक लहान प्लग मिळतो. आता जे. एस. टी. हे प्लगचे नावच नव्हे. ते जपानमधल्या एका कंपनीचे नाव. ती कितीतरी जातींचे प्लग करते. एका जातीत टोकांमधले अंतर एक मिलिमीटर, दुसरीत दीड, तिसरीत दोन, चौथीत अडीच. ‘जे. एस. टी. प्लग द्या’ म्हणणे म्हणजे ‘बाटाचा जोडा द्या’ म्हणण्यासारखे झाले. कोणता, किती नंबरचा, याचा पत्ता नाही. त्याहून वाईट म्हणजे, प्लग बसला तरी धन तार कोणत्या बाजूला असावी हे प्लग करणारी कंपनी ठरवीत नाही. ते बॅटरी बांधणारा ठरवितो, आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने. एका बॅटरीची लाल तार डावीकडे, दुसरीची उजवीकडे. प्लग मात्र दोन्ही वेळा टिचकन बसतो. उलटी वीज गेली की गाडीचा नियंत्रक क्षणात जळतो. आणि लिथियम बॅटरीशी असा खेळ झाला तर आग लागू शकते. चुकीचे दंतचक्र पैसे घालविते. चुकीचा प्लग घर जाळू शकतो. म्हणून नवी बॅटरी आली की प्लग जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण पाहणे, हा नियम घरातल्या मोठ्यांनी मुलांना घालून द्यावा.

बॅटरीवरच्या आकड्यांचेही तेच. ‘५००० मिलिअँपिअर-तास, ५० सी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. याचा अर्थ पाच अँपिअरची पन्नासपट, म्हणजे अडीचशे अँपिअर प्रवाह ही बॅटरी देईल. बरे, तिला प्लग कोणता लावला आहे? ‘एक्स. टी. ६०’! ज्याच्या नावातच साठ अँपिअर आहेत! अडीचशे अँपिअर त्यातून जायचे कसे? हा ‘सी’चा आकडा कसा मोजायचा याबद्दल सर्वांना बांधणारी एक चाचणी नसल्याने, ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा, अशी स्थिती आहे.

मोटरच्या बाबतीत निदान आकडे असतात, पण आकड्यांचा अर्थ दोन प्रकारचा. गाडीच्या मोटरवर ‘३६५०’ लिहिले असले की बहुधा बाहेरचा व्यास ३६ आणि लांबी ५० मिलिमीटर समजायची. पण विमानाच्या मोटरवर ‘२२१२’ लिहिले असले तर तो आकडा पुष्कळदा आतल्या गाभ्याचा असतो. गाभा २२ मिलिमीटर रुंद आणि १२ उंच, बाहेरचे माप त्याहून मोठे. आकडा आहे, पण तो कशाचा हे सांगितलेले नाही. असा आकडा नसता तर बरे होते, असे म्हणायची पाळी येते.

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, श्रीमंत मुलांच्या खेळण्याबद्दल एवढे काय घेऊन बसलात! पण हा प्रश्न केवळ खेळण्याचा नाही. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने शिकवण्या करून पैसे साठविले आणि अशी गाडी घेतली. एक चक्र मोडले. विक्रेत्याच्या यादीत गाडीच्या नावापुढे जे चक्र होते तेच त्याने मागविले. ते बसेना. दुसरे मागविले, त्याचे छिद्र मोठे. तिसऱ्या वेळी टपालखर्च वस्तूच्या किमतीहून अधिक झाला. विचारणा केली तर उत्तर आले की, ‘बहुतेक गाड्यांना बसते.’ गाडी कपाटावर गेली. तो मला म्हणाला, “सर, वस्तू बिघडली की संपली, असंच धरून चालायचं का?” मला वाटते, खरे नुकसान ते हे. हाताने दुरुस्ती करण्याची हौस असलेला एक मुलगा, ‘आपल्याला जमत नाही’ असे समजून बाजूला होतो. त्याला जमत नव्हते असे नाही. त्याला माप सांगितले गेले नव्हते.

असे का होते? याला तीन कारणे आहेत. पहिले, प्रत्येक कंपनीने आपापल्या देशाच्या सवयीप्रमाणे सुरुवात केली. जपानने मिलिमीटर धरले, अमेरिकेने इंच. दुसरे, आपला भाग दुसऱ्याला बसला नाही तर गिऱ्हाईक आपल्याकडेच परत येते, हा हिशेब. आणि तिसरे, नकला करणारे कारखाने आणि त्यांच्यापासून माल घेणारे विक्रेते यांना पुष्कळदा स्वतःलाच माप ठाऊक नसते. एकाने लिहिलेले मोघम वर्णन दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचे तिसरा. अशा रीतीने अज्ञान छापील होते, आणि छापील झाले की खरे वाटू लागते.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडात एकेकाळी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू निराळा होता. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचविला. परिणाम असा झाला की, दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या दोन देशांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात! अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक समाईक आटा ठरविला. त्याही आधीचा धडा १९०४ सालचा. फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून आगीचे बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या नळांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, नळ्या होत्या. जुळणी नव्हती. दीड हजारांवर इमारती जळाल्या.

आपल्याकडे तरी काय होते? पायली या गावची निराळी आणि त्या गावची निराळी, हे जुन्या माणसांना सांगायला नको. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली आणि बाजारातला तो घोळ मिटत गेला. वस्तूंची प्रमाणे ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्था तर १९४७ सालीच स्थापन झाली होती. तिचेच काम १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो पाहतो.

प्रमाण असले म्हणजे किती सोय होते, याचे उदाहरण याच गाड्यांत सापडते. चाकांतली बेअरिंगे घ्या. बेअरिंगांचे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. ‘६०८’ म्हटले की आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर, मग ते जपानचे असो की जर्मनीचे. गाडीच्या चाकात बहुधा ५ मिलिमीटर आतल्या आणि ११ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे, ४ मिलिमीटर जाडीचे बेअरिंग असते. बेअरिंगवाल्यांच्या भाषेत ते ‘एम. आर. ११५’. छंदाचा विक्रेता ते ‘अमुक गाडीचे पुढच्या चाकाचे बेअरिंग’ म्हणून विकतो. पण क्रमांक कळला की तुम्ही त्या गाडीच्या विक्रेत्याला बांधलेले राहत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या गावच्या बेअरिंगच्या दुकानात जाऊन सरळ क्रमांक सांगता येतो. मात्र सावध! बाहेरचा व्यास १० असलेले बेअरिंगही चालू आहे, त्याचा क्रमांक ‘एम. आर. १०५’. एका मिलिमीटरचा फरक, पण चाक डगमगायला तो पुरतो.

आणि रेडिओचेच पाहा ना! तुम्ही कोणत्याही दुकानातून, कोणत्याही कंपनीचा रेडिओ आणला तरी त्यावर आकाशवाणी ऐकू येते. कारण ध्वनी लहरींवर कसा चढवायचा आणि कसा उतरवून घ्यायचा, हे सर्वांनी एक ठरविले आहे. पण या गाड्यांच्या नियंत्रणाचा रेडिओ मात्र तसा नाही. हल्ली बहुतेक सारे २·४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तरी प्रत्येक कंपनीची बोली निराळी. एकीचा ट्रान्समीटर दुसरीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. वेष्टनावर मात्र ठळक ‘२·४’ लिहिलेले. दोन माणसे एकाच खोलीत आहेत म्हणजे त्यांची भाषा एकच आहे, असे थोडेच!

मग आपण करायचे काय? सर्व कंपन्यांनी उद्यापासून एकच चक्र करावे, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळे भाग लागणारच. कोण्या कारखान्याला नवी कल्पना सुचली तर तिलाही वाट हवी. पण निरनिराळे असणे वेगळे आणि निरनिराळे असून न सांगणे वेगळे. पहिल्यात गुन्हा नाही.

घेणाऱ्याने काही सवयी लावून घ्याव्यात. पहिली, मोडका भाग फेकू नये. त्याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. दुसरी, एक व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. साधा घेतला तरी चालेल. दंतचक्राचे मॉड्यूल काढायचे असेल तर बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला दात्यांची संख्या अधिक दोन याने भागा. ८० दात्यांच्या चक्राचा व्यास ४९·२ भरला तर ८२ ने भागून उत्तर ०·६ येईल. तोच व्यास ४३·४ भरला तर ०·५३, म्हणजे तुमचे चक्र ४८ पिचचे. तिसरी, वही ठेवावी. गाडी नवी असतानाच एकेक भाग उघडून बेअरिंगांची मापे, स्क्रूंची लांबी, सर्व्होच्या खाचा, दांड्याची जाडी टिपून ठेवावी. मोटरचा दांडा ३·१७ मिलिमीटरचा, म्हणजे अष्टमांश इंचाचा, की ५ मिलिमीटरचा, हे पिनियन मागविण्यापूर्वी ठाऊक हवे. चौथी, विक्रेत्याला ‘हे माझ्या गाडीला बसेल का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘छिद्राचा व्यास किती, दाते किती, मॉड्यूल किती?’ असे विचारावे. उत्तर न आल्यास वस्तू घेऊ नये.

आणि पाचवी गोष्ट, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे माप आपल्याला कष्टाने कळले ते दुसऱ्याला सांगावे. वस्तू घेतल्यावर अभिप्राय लिहिण्याची सोय हल्ली असते. तिथे ‘छान आहे’ किंवा ‘भिकार आहे’ एवढेच लिहून थांबू नये. ‘छिद्र ५ मिलिमीटर, दाते १३, मॉड्यूल १’ असे एक वाक्य लिहावे. व्हिटवर्थ यांनी याहून निराळे काय केले? इतरांचे स्क्रू मोजले आणि मोजलेले सर्वांपुढे ठेवले. विक्रेते लिहीत नाहीत तोवर घेणाऱ्यांनी लिहावे. चार जणांनी लिहिले की पाचवा मुलगा योग्य चक्र मागवील, आणि त्याची गाडी कपाटावरून खाली येईल.